एका श्रोत्याचे प्रश्न

क्षमाच्या पॉडकास्टला पहिल्या महिन्यात तेवीस श्रोते मिळाले. त्यातले एकवीस तिच्याच नववीच्या वर्गातले, बाविसावी हळर्णला राहणारी तिची आई, जी भाग सुरू झाला की मोबाईल कानाला लावून "हॅलो, कोण?" विचारायची, आणि तेविसावी ती स्वतः. हौसेला मोल नसतं म्हणतात. हौसेला श्रोतेही नसतात, हे तिला कळत होतं, पण तिनं काम सोडलं नाही.

डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात ती मराठी शिकवायची. मुलं घरात कोकणी बोलत, मोबाईलवर इंग्रजी, आणि मराठी फक्त पेपरात, तीही औषध घेतल्यासारखी. पणजीच्या एका शिबिरात क्षमाला नवी वाट सापडली. मुलांनी वाड्यावरच्या, म्हणजे आपल्या वस्तीतल्या, जाणत्या माणसांना बोलतं करायचं, ते बोलणं रेकॉर्ड करायचं, सगळ्यांनी मिळून ते एका ऑनलाइन फाइलीत टाइप करायचं, एकमेकांच्या चुका तिथंच सुधारायच्या, आणि मग बारा मिनिटांचा भाग करून नेटवर चढवायचा. नाव ठेवलं 'सोप्यावरून'. सोपा म्हणजे घराच्या दारातली बसायची जागा. आमच्याकडची निम्मी अक्कल आणि पाऊण भांडणं तिथंच जन्माला येतात.

मुलांकडे स्वतःचे मोबाईल नव्हते. कुणी आईचा आणायचा, कुणी काकाचा. प्रत्येकाला खातं उघडून देत बसलं असतं तर वर्ष तिथंच सरलं असतं. म्हणून क्षमानं फाइल उघडीच ठेवली. ज्याच्याकडे लिंक असेल त्यानं यावं, लिहावं, खोडावं. वर ती लिंक तिनं प्रत्येक भागाखाली दिली आणि नम्रपणे लिहिलं, 'आमच्या मराठीत सुधारणा सुचवा.' दार सताड उघडं ठेवायचं आणि पाहुण्यांची वाट बघत बसायची, असा तो प्रकार होता. मुख्याध्यापकांनी तिचं कौतुकच केलं.

खातं नसलेला माणूस आत शिरला की ती फाइल त्याला एखाद्या जनावराचं नाव द्यायची. वरच्या कोपऱ्यात चिमुकलं चित्र उमटायचं, अनामिक कासव, अनामिक उंट. मुलांना त्याची भारी मजा.

"टीचर, उंट कोण तो? माझां सगळां खोडता!"

मग उंट पकडला जायचा, त्याच्या पाठीत धपाटा बसायचा, आणि त्या भांडणात ऱ्हस्व-दीर्घ न शिकवता शिकवले जायचे.

डिसेंबरातल्या एका तासाला संगणकाच्या खोलीत मुलं दोघं-दोघं मिळून अकरा यंत्रांवर बसली होती. क्षमा मागून बघत होती. तिनं सहज वरच्या कोपऱ्यातली जनावरं मोजली. ती बारा भरली. पुन्हा मोजली, तरी बारा.

"कुणाच्या घरी आत्ता फाइल उघडी आहे का रे?"

कुणाच्याच नव्हती. घरून आणलेले मोबाईल तर सगळे कपाटात बंद होते. बारावं जनावर काही लिहीत नव्हतं. त्याचा कर्सर विठ्ठल आजोबांच्या भागात, एका ओळीपाशी, नुसता लुकलुकत होता. ती ओळ होती, 'मी या वाड्यावर आलो तेव्हा इथे फक्त झाड होते.' तास संपेपर्यंत तो तिथून हलला नाही.

विठ्ठल आजोबा म्हणजे वर्गातल्या गौरवीचे आजोबा. वय ऐंशी. सिंधुदुर्गातून, दोडामार्गच्या अंगाकडून, ऐन बाविशीत बायकोला घेऊन चालत इकडे आलेले, नंतर खाणीवर राबलेले. त्यांच्या बोलण्यात अशी लय होती की क्षमानं नोव्हेंबरात त्यांच्यावर पहिला भाग केला आणि श्रोते तेविसाचे चारशे झाले. बोलणाऱ्याची मातीही खपते, आणि विठ्ठलकडे तर माती नव्हती, सोनं होतं. वाड्यावर त्यांना लोक थांबवून विचारू लागले, "काय रे विठू, रेडिओर येतंस मरे!" म्हातारा पोरासारखा लाजायचा.

डिसेंबरातल्या त्याच आठवड्यात फाइलीतल्या प्रश्नांच्या यादीत नवे प्रश्न दिसले. खाली नाव होतं 'एक श्रोता'. मराठी स्वच्छ, विरामचिन्हं जिथल्या तिथं. 'आजोबांचा भाग फार आवडला. पुढच्या भागात विचाराल का? आजोबा वाड्यावर नेमके कोणत्या साली आले? घर आधी झाले की खाणीवरची नोकरी आधी? घर कोणी दिले?'

क्षमा हरखून गेली. तिनं ते प्रश्न फळ्यावर लिहून घेतले.

"बघा. प्रश्न असा विचारायचा. तुम्ही काय विचारता? 'आजोबा, तुम्हाला काय आवडतं?' आजोबा काय, आइस्क्रीम सांगतील?"

वर्ग हसला. हसली नाही ती गौरवी.

"टीचर, हो मनीस घराचांच कित्याक विचारता? आजोबांनी वाघाची गोष्ट सांगितली, ती कोणाक नको?"

क्षमाच्या मनात तेव्हा पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण शिक्षकाच्या कामाला एक अनोळखी माणूस दाद देतो तेव्हा पालीकडे कोण बघतं? ती म्हणाली, "संशोधक असेल कुणीतरी." आणि विषय संपला.

जानेवारीच्या एका शनिवारी सकाळी ती पाच मुलांना घेऊन विठ्ठलच्या घरी गेली. घर लहानसं, चिऱ्याचा चौथरा आणि वर मातीच्या भिंती, पण लख्ख सारवलेलं. मये तळ्याकडे जाणारा रस्ता आता रुंद झाला होता आणि त्याच्या कडेनं बाहेरच्या लोकांचे बंगले उगवले होते. त्यांच्यात हे घर चुकून राहिल्यासारखं दिसायचं. गौरवीच्या आईनं, म्हणजे विठ्ठलच्या सुनेनं, शालिनीनं, चहा आणि गरम उंडे, इथले गोल पाव, ठेवले. पाववाला पदेर सायकलचा भोंगा पोंय पोंय करत निघून जाईपर्यंत थांबून मग रेकॉर्डिंग सुरू केलं.

आता इथली एक रीत सांगायला हवी. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर राहणारा जुना माणूस तोंडानं कधी 'माझं घर' म्हणत नाही. भिंत त्यानं उभी केलेली असो, छप्पर त्यानं तीनदा बदललेलं असो, कुणी विचारलं की तो म्हणणार, मालकांचं. ही गुलामी आहे असं शहरातला माणूस म्हणेल. ती त्यांची सभ्यता आहे. पाहुण्याच्या ताटात जास्त वाढून 'काहीच केलं नाही हो' म्हणतो आपण, तसंच ते. ऐकणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं. अट एवढीच, की ऐकणारा त्याच वाड्यावरचा हवा.

"आजोबा, घर कोणी दिलं?" एका मुलानं कागदावरचा प्रश्न वाचला.

"घर मालकांचाच मगे. बाबाजी मालकांनी म्हटल्यांनी, विठ्ठला, बस थंय. बसलंय. मगे खाण इली, खाणीर लागलंय. सगळी त्यांचीच कृपा."

आणि मग म्हातारा रंगात आला. शेताच्या मेरेवरची, म्हणजे बांधावरची, माती त्यानं आणि प्रभावतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कशी डोकीवरून वाहिली, ती पायानं कशी तुडवली, भिंत एकदा कशी कोसळली आणि प्रभावती कशी आधी रडली आणि मग हसत सुटली. बाबाजी मालक स्वतः येऊन बघून गेले आणि म्हणाले, जोतां उंच धर रे, हय पाणी भरता. तेव्हा खाणीचा पत्ताही नव्हता. खाण तीन वर्षांनी आली. मध्येच तो खोकला, पाणी प्याला, पुन्हा बोलू लागला. मुलं चुळबुळ करू लागली. क्षमाची नजर घड्याळावर गेली.

मुलांचा गोंधळ होऊ नये म्हणून तिनं शेवटी माइक आपल्याकडे घेतला आणि वर्गात करते तसा समारोप केला. "तर मुलांनो, मालकांनी खाणीवरच्या कामाबरोबर आजोबांना राहायला घरही दिलं. बरोबर ना, आजोबा?"

विठ्ठलनं दोन्ही हात जोडले. "होय, होय."

भाग बारा मिनिटांत बसवायचा होता. गौरवीनं आजोबांचा शब्द न् शब्द, खोकल्यासकट, टाइप करून ठेवला होता. क्षमानं मातीचा, भिंतीचा, प्रभावतीचा तो सगळा मजकूर निवडला, शेजारी 'विषयांतर' असा शेरा मारला आणि काढून टाकला. आवाजातूनही तेवढी दोन मिनिटं चाळीस सेकंदं कापली. समारोपाचं वाक्य मात्र ठेवलं, कारण ते शुद्ध होतं. मोबाईल भरत आला होता, म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसलं.

भाग चढवला त्या दुपारी फाइलीत पुन्हा एक जास्तीचं जनावर आलं. या खेपेला साळिंदर होतं. ते थेट समारोपाच्या वाक्यापाशी गेलं, ते वाक्य निळं झालं, म्हणजे कुणीतरी ते निवडून उचलून घेतलं, आणि साळिंदर निघून गेलं. नंतर खाली दोन शब्द दिसले, 'धन्यवाद, टीचर.' क्षमानं हसरा चेहरा टाकून उत्तर दिलं. त्यानंतर तो श्रोता पुन्हा कधी आला नाही, एक प्रश्नही विचारला नाही.

फेब्रुवारीत विठ्ठलच्या अंगणात दोन माणसं टेप लावून मापं घेऊन गेली. शालिनीनं विचारलं तर त्यांनी सांगितलं, "रुटीन." मार्चमध्ये गौरवी तीन दिवस शाळेत आली नाही. चौथ्या दिवशी आली ती सरळ स्टाफरूममध्ये, हातात घडी घातलेला कागद.

"टीचर, ह्यात आमच्या पॉडकास्टाचां नांव आसा."

क्षमानं कागद वाचला, पुन्हा वाचला. विठ्ठलनं अकरा वर्षांपूर्वी मामलेदाराकडे मुंडकार म्हणून नोंदणीसाठी अर्ज केला होता. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत, त्याच्या संमतीनं, घर करून राहिलेला माणूस. कायदा त्याला घराचा हक्क देतो. पण घर नोकरीपायी मिळालेलं असेल तर तो हक्क लागू होत नाही. बाबाजी केव्हाच वारले होते. त्यांचा नातू परेश आता तळ्याकडची ती सगळी जमीन हॉटेलवाल्याला विकायला निघाला होता, आणि त्याच्या वकिलानं हरकतीला पुरावा म्हणून 'सोप्यावरून'चा बारावा भाग जोडला होता. समारोपाचं वाक्य कागदावर अवतरणचिन्हात छापलेलं होतं. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती.

"मीच टाइप केलेला सगळां," गौरवी म्हणाली. "आजी रडली ता पण. ता खंय गेला, टीचर?"

क्षमानं घाईघाईनं फाइल उघडली. अशा फाइलीत जुने बदल साठवलेले असतात, एवढं नशीब. जानेवारीची तारीख काढली, आणि प्रभावती, माती, कोसळलेली भिंत, 'जोतां उंच धर रे', सगळं जसंच्या तसं समोर आलं. शेजारी तांबड्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'हटवले: क्षमा'. स्वतःचं नाव वाचताना इतकी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती. तरी तिला आशा वाटली. तिनं ती पानं छापून घेतली.

सुनावणी एप्रिलात, डिचोलीत होती. खोलीत पंखा करकरत होता आणि बाकांवर आपापल्या तारखांची वाट बघणारी माणसं दाटीनं बसली होती. विठ्ठल पांढरा सदरा घालून आला होता. शालिनीनं घरून येईपर्यंत वाटभर त्याला पढवलं होतं, "मामा, माझां घर म्हणा. मालकांचां म्हणू नकात." तो "होय गो" म्हणत होता. परेश आत आला, चाळिशीचा, सभ्य दिसणारा माणूस. त्यानं वाकून विचारलं, "विठ्ठलकाका, बरे आसात मू?" आणि विठ्ठल सवयीनं उठून उभा राहिला. शालिनीनं डोळे मिटून घेतले.

वकिलानं मोबाईलला छोटा स्पीकर जोडला. क्षमाचा आवाज खोलीत घुमला, उत्साही, स्पष्ट, बाईंचा आवाज. 'तर मुलांनो, मालकांनी खाणीवरच्या कामाबरोबर...' मागोमाग विठ्ठलचं 'होय, होय.' बाकावरच्या लोकांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं.

क्षमा उभी राहिली. "साहेब, ते वाक्य त्यांचं नाही, माझं आहे. मी चुकीचं बोलले. ते जे खरं बोलले होते ते मी कापलं." तिनं छापलेली पानं पुढं केली.

वकिलानं पानं आदबीनं हातात घेतली, चाळली. "टीचर, ही फाइल कोण बदलू शकतं?"

"मुलं... आणि ज्यांच्याकडे लिंक आहे ते."

"लिंक कुणाकडे आहे?"

लिंक साऱ्या जगाकडे होती.

"आमच्या ऑफिसातली मुलगीसुद्धा त्यात लिहून आली," वकील हसून म्हणाला. "मराठीची फार शौकीन आहे ती. तुमचा एकेक भाग ऐकते. म्हणजे हे कुणीही टाइप केलेलं असू शकतं, साहेब. मूळ रेकॉर्डिंग कुठे आहे?"

"पुसलं."

"का?"

"मोबाईल भरला होता."

कुणीतरी बाकावर हसलं. वकिलानं आवाज चढवला नाही. उलट तो आणखी मऊ केला. "मग टीचर, तुम्ही शाळेतल्या लेकरांसमोर खोटं बोललात, की आत्ता साहेबांसमोर बोलताय? दोन्हीपैकी एक सांगा."

क्षमाचा चेहरा लाल झाला, डोळे भरून आले. "तेव्हा. तेव्हा खोटं होतं ते," ती म्हणाली. बोलून ती तशीच उभी राहिली, वर्गात शिक्षा झालेल्या मुलीसारखी, आणि साऱ्या खोलीनं तिला तसं पाहिलं.

विठ्ठलनंही पाहिलं. मामलेदारांनी त्याच्याकडे वळून शांतपणे विचारलं, "आजोबा, टीचर म्हणतात त्या रेकॉर्डिंगमध्ये त्या खरं बोलल्या नाहीत. तसं आहे का? घाबरू नका. तुमचं घर कसं झालं ते तुम्ही सांगा."

शालिनीनं त्याच्या सदऱ्याचं टोक ओढलं. पण म्हातारा आता घराचा विचार करत नव्हता. त्याच्या नातीची बाई, शिकलेली, त्याच्या दारात येऊन त्याच्या उंड्यांना चांगलं म्हणून गेलेली बाई, चारचौघांत रडत होती आणि एक उपरा वकील तिला खोटी ठरवत होता. विठ्ठल काठी टेकून उठला.

"सायबानू, बाई खोटा बोलूच्यो नाय. त्यांका हय उभ्या करून कोणी खोट्या म्हणू नये. आमी अडाणी, आमच्या तोंडाक वळण नाय. बाईंनी सांगितलांनी ता खरां. ल्हिवन घेवा."

"आजोबा, नको!" क्षमा ओरडली. "असं म्हणू नका. मीच चुकले."

त्यानं हात वर करून तिला धीर दिला. "तुमी घाबरू नकात, बाई. मी आसंय."

मामलेदार क्षणभर पेन हातात धरून बसले. तेही इथलेच होते, त्यांना कळलं असावं. "आजोबा, आपण काय म्हणता ते समजतंय ना? खाणीच्या नोकरीबरोबर मालकांनी घर दिलं, असं मी लिहू?"

"बाईंनी म्हटलांनी तसां ल्हिवा," विठ्ठल या खेपेला मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

कारकुनानं टाइप केलं आणि वाचून दाखवलं. विठ्ठलनं सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली. परेश जमिनीकडे बघत होता. वकिलानं स्पीकरची वायर गुंडाळून बॅगेत ठेवली.

बाहेर पायऱ्यांवर ऊन भाजत होतं. गौरवी भिंतीला टेकून उभी होती. आईच्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं, आणि ती क्षमाकडे न बघता रस्त्याकडे बघत राहिली. विठ्ठल मात्र खुशीत होता. त्यानं काठी जमिनीवर आपटली.

"बघलात, बाई? एका वाक्यात गप केलंय वकिलाक." मग तो सुनेकडे वळला. "शालिने, बाईंका घराक घेवन चल. च्या घेतल्याबिगर धाडू नको."

शालिनी पायऱ्या उतरू लागली. क्षमाला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण म्हातारा तिच्याकडे इतक्या आशेनं बघत होता की तिनं मान हलवली, आणि ती त्यांच्याबरोबर चालू लागली.